ओंबाराचा शेवटचा श्वास

कोणत्याही समाजाची उंची तो आपल्या मृतांना निरोप कसा देतो यावरून मोजावी, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मृताची उंची साठ मीटर होती. तो रबराचा होता, त्याच्या आत एक घामाघूम माणूस होता आणि पाठीवर एक चेन होती, जी शेवटच्या मारामारीत दोनदा स्पष्ट दिसते. तरीही सात वर्षांचा असताना टीव्हीवर ओंबाराला खाडीत बुडताना पाहिलं आणि मी रात्री जेवलो नाही. आई म्हणाली, "अरे, राक्षस आहे तो. त्यानं तुझ्या मामाचं गाव तुडवलंय." तुडवलं होतं. पण मामाचं गाव तुडवताना वाजलं नाही असं काहीतरी त्याच्या मरणाला वाजत होतं.

तुडवायचं संगीत सगळ्यांना ठाऊक आहे. धम धम धम धम, वर तुताऱ्या. बेसबॉलच्या मैदानात वाजतं, शाळेच्या क्रीडादिनी वाजतं. मरणाचं संगीत मात्र फारसं कुणाला आठवत नाही. तो एकविसावा तुकडा. ढोल नाही, तुतारी नाही. नुसता एक कॉन्ट्राबसून, म्हणजे माणसापेक्षा लांब नळी घड्या घालून उभी केलेली असावी तसं एक लाकडी वाद्य. चाळीस सेकंद एकच खर्जातला सूर. मध्येच तो तुटतो, एक माणूस छाती फाटल्यासारखा श्वास घेतो आणि सूर पुन्हा लागतो. मग पाणी.

तो श्वास ते वाद्य वाजवणाऱ्या मिनेगिशी-सानांचा. १९६६ साली ते एकोणतीस वर्षांचे होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी भिंतीवर सिनेमा चालू असे, संगीतकार तोगावा त्याच्याकडे बघत हात हलवत आणि वादक तोगावांकडे बघत. राक्षस ठरल्यापेक्षा सावकाश बुडत होता, म्हणून तोगावांचा हात खाली येईना. मिनेगिशी-सानांनी दम धरला, धरला, आणि सुटला. आता नोकरी गेली असं त्यांना वाटलं. तोगावा म्हणाले, "राहू दे. मरणारा श्वास घेणारच."

श्रेयनामावलीत नाव आलं नाही. 'स्टुडिओ वाद्यवृंद', एवढंच.

"सूर काय, कुणीही वाजवला असता," मिनेगिशी-सान सांगतात. "पण श्वास माझा आहे. त्या अख्ख्या सिनेमात मी तेवढाच आहे. दीड सेकंद."

आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि मी 'ओंबारा संगीत जतन मंडळा'चा चिटणीस. सभासद एकोणीस; आम्ही सगळे त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरुजी म्हणतो. पोटासाठी मी शाळेत भूगोल शिकवतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"शिओमी, बसला आहेस का?"

"नाही, सेन्सेइ. गादी उन्हात टाकतोय."

"मग तिच्यावरच बस. त्यांनी मला काढून टाकलं."

त्याच आठवड्यात ओंबाराचं संपूर्ण संगीत सीडींच्या नव्या पेटीत बाजारात आलं होतं. पेटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'नव्याने स्वच्छ केलेले'. स्वच्छ! या एका शब्दानं आमच्या देशाचं जेवढं वाटोळं केलं तेवढं ओंबारालाही जमलं नाही. नदीकाठ स्वच्छ केला, काजवे गेले. गल्ली स्वच्छ केली, नूडल्सचा गाडा गेला. फार निवळ पाण्यात मासा राहत नाही असं आमचे जुने लोक म्हणत. आता जुन्या लोकांचीच सफाई चालू होती. मरणाऱ्या जिवाचा शेवटचा श्वास कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून डाग समजून पुसून टाकला होता. मी त्या गादीवर खरंच बसलो.

मंडळाची तातडीची सभा वॉर्डाच्या सभागृहात, फुलं मांडायचा वर्ग आणि हायकू मंडळ यांच्यामधल्या दोन तासांत भरली. निषेधाचं पत्र हातानाकानं आणलं होतं. तो वॉर्ड ऑफिसात नोकरीला, त्यामुळे पत्र रिवाजाला धरून होतं: 'कोवळ्या पालवीच्या या प्रसन्न दिवसांत आपल्या कंपनीची उत्तरोत्तर भरभराट होत असेलच. आपण खुनी आहात.'

"'खुनी' जरा जास्त होतंय का?" मी विचारलं.

"पालवी काढू का मग?"

"नको, पालवी राहू दे."

कुरुसु-सान दातांच्या डॉक्टर. त्या हळूच म्हणाल्या, "सही करायच्या आधी एकदा ऐकून घ्यायचं का? नुसतं आपलं, खात्रीला."

खोली गार झाली.

"तुम्ही पेटी फोडलीत?" हातानाकानं विचारलं.

"छे! मी कशाला फोडू? दोन्ही आहेत तशाच आहेत."

आमच्यात प्रत्येकजण दोन पेट्या घेतो. एक जपायला, आणि दुसरी, पहिलीला काही झालं तर म्हणून. ऐकायला तिसरी घ्यावी लागते, आणि तेवढं वेड आमच्यात कुणाला नाही.

"आणि सेन्सेइ श्वास नाही म्हणतायत तरी आपण ऐकून बघायचं," हातानाका म्हणाला, "म्हणजे सेन्सेइंना तोंडावर खोटं पाडायचं. तुमचा विचार तसा असेल तर बोला."

कुरुसु-सानांचा विचार तसा नव्हता. त्यांनी सर्वांत आधी सही केली.

पत्र गेल्यानंतर नवव्या दिवशी कंपनीची माणसं मिनेगिशी-सानांच्या घरी आली: विभागप्रमुख कुसाकाबे, त्यांचा सहायक आणि ध्वनितंत्रज्ञ त्सुमुराबाई. सोबत योकान, म्हणजे माफी मागायला नेतात ती घट्ट गोड वडी. ती वजनदार असते; अपराध हातात घेऊन आल्यासारखं दिसतं. मंडळाच्या वतीनं मी होतोच. तिघंही हुद्द्याच्या क्रमानं तातामीच्या चटईवर हात टेकून वाकले.

"आमच्या हातून अक्षम्य चूक झाली," कुसाकाबे म्हणाले.

"पण साहेब, एकविसाव्या तुकड्याला तर आम्ही हातच ला—" त्सुमुराबाई बोलू लागल्या.

कुसाकाबे आणखी खाली वाकले. साहेबाचं कपाळ चटईला लागलेलं असताना हाताखालच्या माणसाला मान वर ठेवता येत नाही. त्सुमुराबाईंचं उरलेलं वाक्य चटईत गेलं. मला तेव्हा फार बरं वाटलं.

"तुम्ही ते ऐकलंत तरी का?" मी ओरडलो. वर्गातही मी इतका ओरडत नाही. "एका माणसाचं आयुष्य पुसलंत तुम्ही! ऐकलंत?"

"ऐकण्यात वेळ घालवला असता तर माफीला उशीर झाला असता," कुसाकाबे चटईशी बोलले. "तो दुसरा अपराध ठरला असता."

मिनेगिशी-सानांनी योकान बाजूला सारली. ते म्हणाले, "माफी राहू द्या. मला परत ठेवा."

कुसाकाबेंनी तिथल्या तिथे वचन दिलं. सुधारित आवृत्ती निघेल. मूळ फीत फार जीर्ण आहे, तिला पुन्हा हात लावायचा नाही. म्हणून श्वास नव्यानं मुद्रित होईल, खुद्द सेन्सेइंचाच. त्सुमुराबाईंनी तोंड उघडलं. कुसाकाबे पुन्हा वाकले.

पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच मायक्रोफोन घेऊन आल्या. मिनेगिशी-सान इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसले. वाद्य त्यांनी कधीच एका शाळेला देऊन टाकलं होतं, पण बोटं मात्र कळांवर असावीत तशी धरली होती. त्यांनी अकरा वेळा श्वास घेतला. दर वेळी डोळ्यांसमोर ओंबारा बुडत असावा, कारण दर वेळी डोळ्यांत पाणी येत होतं.

"सातवा घ्या," ते शेवटी म्हणाले. "सातव्यात तो खरा मेला."

त्सुमुराबाई वायर गुंडाळता गुंडाळता बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. निघताना चटईला कपाळ लागेपर्यंत वाकल्या. साहेबाचा कित्ता त्यांनी गिरवला असं मी तेव्हा मनात म्हटलं, आणि तेवढ्यासाठीही त्यांच्यावर चिडलो.

सप्टेंबरात सुधारित आवृत्ती आली. आम्ही एकोणीसच्या एकोणीस जण मिनेगिशी-सानांच्या घरी दाटीवाटीनं बसलो. त्यांची मुलगी साचिए-सान जवाचा चहा देऊन गेली. आमच्या पेट्या बंदच होत्या. कंपनीनं त्यांच्यासाठी वेगळी पाठवलेली प्रत लावली. एकविसावा तुकडा.

सूर लागला. चालला. तुटला. एका तरुण माणसानं छाती फाटल्यासारखा श्वास घेतला. त्यामागोमाग एका म्हाताऱ्या माणसानं घरघरत श्वास घेतला. मग सूर पुन्हा लागला, आणि पाणी.

पहिला श्वास तरुणाचा होता. म्हणजे तो कुणी काढलाच नव्हता. हे एकोणीस जणांना एकदमच कळलं असावं, कारण एकोणीस जण एकदमच चटईकडे बघू लागले.

मिनेगिशी-सानांनी डोळे उघडले. चेहरा लाल झाला होता.

"कुठाय?" ते म्हणाले. "शिओमी, कुठाय श्वास? हरामखोरांनी पुन्हा काढला!"

हातानाकाचा हात सवयीनं पेनाकडे गेला. "बहरत्या शरदात..." तो पुटपुटला आणि थांबला.

कुरुसु-सान उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. नको ते प्रश्न विचारायची त्यांना धंद्यामुळे सवय आहे.

"साचिए-सान, बाबांचं हे श्रवणयंत्र कधीचं हो?"

"एप्रिलमधलं. का?"

ड्रॉवरमधून माहितीपुस्तिका निघाली. यंत्रात चार सोयी होत्या. तिसरी चालू होती: आसपासची खरखर आणि श्वासाचे आवाज कमी करणे.