दुसऱ्या गोळीची रायफल

मित्रांनो, क्लॅरिसच्या दुकानात जुन्या बंदुकांच्या रांगेत सगळ्यात देखणी जी रायफल उभी होती, ती मी. हे मी फुशारकीने सांगत नाही. देखणेपणानेच माझा आणि एका भल्या माणसाचा घात झाला, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

माझा जन्म बेल्जियममधला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली जाळी, निळसर काळी नळी. पण माझा खरा गुण वरून दिसत नाही. गोळी सुटली की नळीतला थोडासा गॅस पुढच्या लाकडाखाली लपलेल्या एका पोकळीत शिरतो आणि तिथला दट्ट्या मागे ढकलतो. त्यासरशी रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि दुसरे आपसूक नळीत येऊन बसते. शिकाऱ्याने फक्त पुन्हा चाप ओढायचा. एका ओढीला एकच गोळी. तरी मला मशीनगन म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले, आणि दर वेळी मला राग आला.

जहाजातून मी अमेरिकेत आले. माझा पहिला मालक डेट्रॉइटचा एक दातांचा डॉक्टर होता. दर नोव्हेंबरला तो मला घेऊन मोठा पूल ओलांडायचा आणि इकडे, उत्तरेच्या जंगलात, हरणाच्या शिकारीला यायचा. इकडची माणसे म्हणजे फिनलंडहून खाणीत कामाला आलेल्यांची नातवंडे. दक्षिणेकडून येणाऱ्या सगळ्यांना ती ‘पुलाखालचे’ म्हणतात, आणि त्यात कौतुक अजिबात नसते. डॉक्टरला मात्र इकडच्या सगळ्या रीतींचे वेड. त्याने जंगलात लाकडी घर बांधले, शेजारी साउना बांधली, आणि संध्याकाळी वाफेने अंग शेकून घेण्यात तो इथल्या लोकांच्याही पुढे गेला.

त्यातच माझे वाटोळे झाले. इकडे कोणीही बर्फातून आणलेली बंदूक उबेत नेत नाही. ती बाहेरच्या गार ओसरीत टांगतात, कारण थंडगार लोखंडाला ऊब लागली की त्याला घाम फुटतो. डॉक्टरला वाटले, दिवसभर गारठलेल्या माणसाला शेकतात तसे बंदुकीलाही शेकावे. रोज संध्याकाळी तो मला साउनाच्या कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला टांगायचा. शेजाऱ्यांनी ते पाहिले होते. पण पुलाखालच्याला शहाणे कोण करणार? ते आपसात हसले आणि गप्प राहिले.

डॉक्टर माझी नळी मात्र रोज पुसायचा. आत उजेड धरून बघायचा आणि खूश व्हायचा. पुढचे लाकूड काढून दट्ट्याची पोकळी त्याने एकदाही पाहिली नाही. तिथे पाणी साचत होते आणि गंज मला आतून खात होता. शेवटच्या एक-दोन वर्षांत तर त्याने मला झाडलेच नाही. तो गेला तेव्हा त्याच्या बायकोने मला क्लॅरिसच्या दुकानात आणून ठेवले. क्लॅरिसने दस्त्याला मेण लावले आणि रांगेत मला पहिला मान दिला. तिने कोणाला फसवले नाही. तिलाही माहीत नव्हते.

आणि मग सप्टेंबरच्या शेवटी आर्वो केतोला आला.

उंच, रुंद हाडाचा, जन्मभर जंगलात झाडे तोडलेला माणूस. वसंतात त्याला लकव्याचा झटका आला होता. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, शब्दही थोडे थांबून थांबून येत. बरोबर त्याची बायको इल्मी होती आणि नीलो होता. नीलो आणि आर्वो एका शाळेत मार खाल्लेले, चाळीस वर्षे एकाच शिकारीच्या कॅम्पात पंधरा नोव्हेंबरची, म्हणजे शिकारीच्या पहिल्या दिवसाची, पहाट उजाडलेली पाहिलेले.

आर्वोच्या काखेत त्याच्या वडिलांची बोल्टची रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. आता तो हात राहिला नव्हता. डाव्या खांद्याला लावून, नळी शिकारीच्या खोपट्यातल्या खिडकीच्या फळीवर टेकवून, डाव्या बोटाने तो एक गोळी मारू शकत होता. दुसरी नाही.

नीलोने मला उचलले, उलटसुलट केले आणि तोंड वाकडे केले. “हे शिवणयंत्र घेऊन तू कॅम्पात येणार? तुझा बाप, म्हातारा केतोला, थडग्यातून उठून बसेल.”

“बसू दे,” आर्वो म्हणाला. “एकटाच पडलाय कधीचा.”

इकडच्या लोकांचा अभिमान एका गोळीचा. एक हरीण, एक गोळी. आपोआप भरणारी बंदूक म्हणजे ज्याला नेम धरता येत नाही त्याची सोय, असे ते मानतात. आर्वोही तेच मानत आला होता. म्हणून त्या दिवशी तो मला हातात न घेताच परत गेला. जाताना दारात वळून मात्र त्याने माझ्याकडे पाहिले.

पुढच्या आठवड्यात तो आला, तेव्हा इल्मीच त्याला घेऊन आली होती. तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला खिळे बघत असताना ती क्लॅरिसशी हळू आवाजात बोलली. वसंतापासून तो खिडकीशी बसून असतो. शेजारी आले की उठून आत जातो. कॅम्पाचे नाव काढले की म्हणतो, या वर्षी नाही. नीलो म्हणतो, नुसता स्वयंपाकाला ये, पत्ते खेळ. त्याला ते मरणाहून वाईट वाटते.

मग तो आला आणि इल्मीने त्याला सरळ विचारले, “घ्यायची का नाही?”

आर्वोने डाव्या हाताने मला चाचपून पाहिले. “पहिली गोळी आता माझ्या भरवशाची नाही,” तो म्हणाला. “डावा डोळा, डावं बोट. जनावर जखमी होईल आणि मी बघत बसेन. जन्मात एक जनावर जखमी सोडलं नाही मी. दुसरी गोळी हातात असेल तर जाईन. नसेल तर घरी बसेन.”

“मग घे,” इल्मी म्हणाली.

“बाबांची द्यावी लागेल बदल्यात.”

“बाबांना तरी घरी बसलेला मुलगा आवडला असता का?”

मित्रांनो, ते ऐकताना मला वाटले, ओरडून सांगावे. मला घेऊ नकोस, आधी माझे पुढचे लाकूड काढ, दोनच तर स्क्रू आहेत. पण मला तोंड आहे ते फक्त गोळी सोडण्यापुरते. आणि खरे सांगायचे तर मलाही जायचेच होते. इतकी वर्षे भिंतीला टेकून राहिल्यावर जंगलात जायला कोणाला आवडणार नाही?

मला पारखायला पुन्हा नीलोच आला. त्याने नळीच्या एका टोकाला बोटाचे नख धरले आणि दुसऱ्या टोकाने आत पाहिले. “आरसा आहे,” तो म्हणाला. नाखुशीने म्हणाला, पण म्हणाला. दस्ता हलवून पाहिला, चाप ओढून पाहिला. बोल्टच्या बंदुकीत बघण्यासारखे एवढेच असते, आणि जन्मभर त्याने बोल्टच्याच बंदुका पाहिल्या होत्या. पुढचे लाकूड काढायचे असते हे त्याच्या स्वप्नातही आले नाही.

मग ते मला गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत घेऊन गेले. ऑक्टोबरातली उबदार दुपार होती. फळीवर कागद लावला. नीलोने माझ्यात एक काडतूस घातले. आर्वोने गाडीच्या बॉनेटवर पोते टाकून त्यावर मला टेकवले आणि झाडले. मग नीलोने आणखी एक घातले. मग आणखी एक. दर वेळी एकच, कारण या लोकांची बंदूक पारखायची रीतच तशी. एक घालायचे, एक मारायचे, जाऊन कागद बघायचा. एकदम दोन काडतुसे भरणे म्हणजे त्यांच्या लेखी उधळेपणा. माझा दट्ट्या दर वेळी अर्ध्या वाटेतूनच परतत होता. रिकामे काडतूस कसेबसे बाहेर पडून नीलोच्या बुटापाशी लोळत होते. चांगल्या प्रकृतीच्या माझ्या एखाद्या बहिणीने ते चार हात लांब भिरकावले असते. पण ते पडले, एवढ्याने नीलोचे समाधान झाले.

कागदावर तिन्ही भोके एका नाण्याखाली झाकावीत इतकी जवळ होती. आर्वोच्या तोंडाची एकच बाजू हसायची, ती हसली.

“डाव्या हाताने तू उजव्यापेक्षा बरा मारतोस,” नीलो म्हणाला. “आधीच लकवा झाला असता तर चाळीस वर्षं आम्हाला हरणाचं मांस मिळालं असतं.”

ज्या बंदुकीचे सगळे कौतुक दुसऱ्या गोळीसाठी, तिची दुसरी गोळी कोणीच पाहिली नाही. त्याच दुपारी वडिलांची रायफल क्लॅरिसच्या रांगेत गेली आणि मी आर्वोच्या घरी. आठवडाभरात ती कोणी पुलाखालच्याने नेल्याचे कळले.

तो महिना-दीड महिना मात्र सुखाचा गेला, हे मला नाकारता येत नाही. तो रोज मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचा, पण आता बाहेर बघायचा. शेजारी आले तर उठून जात नसे. इल्मी स्वयंपाकघरात गुणगुणायची. तो मला गार ओसरीतच टांगायचा. डॉक्टरने सुरुवातीपासून एवढे केले असते तर पुढचे काही घडलेच नसते.

चौदा नोव्हेंबरला सगळे कॅम्पात जमले. इल्मीने वेलदोड्याचा गोड पाव दिला होता, नीलोने मांस आणि कंद भरलेल्या पास्ट्या आणल्या होत्या. पहाटे त्यांनी आर्वोला धरून त्याच्या खोपट्यात नेऊन बसवले आणि माझी नळी फळीवर टेकवून दिली. आत तीन काडतुसे होती. नीलो म्हणाला, “गोळीचा आवाज आला की मी येतो. सुरी आणतो.”

थंडी कडाक्याची होती. माझ्या आतला गंज आकसून आणखी घट्ट झाला होता. उजाडल्यावर तासाभराने देवदारांतून एक मोठा नर बाहेर आला, थबकला, आणि आडवा उभा राहिला. आर्वोने श्वास सोडला आणि चाप ओढला.

गोळी थोडी मागे लागली. हरीण वाकले, पण पडले नाही. तिथेच पाठ वाकवून उभे राहिले. मित्रांनो, ती वेळ दुसऱ्या गोळीची होती. आर्वोने पुन्हा चाप ओढला. काही झाले नाही. माझा दट्ट्या पोकळीत अडकला होता आणि रिकामे काडतूस तोंडाशी अर्धे बाहेर, अर्धे आत. माझ्या अंगावरच्या छोट्या लोखंडी मुठीने खाडकन मागे ओढले असते तर ते निघाले असते. मूठ उजवीकडे होती. आर्वोने उजवा हात डाव्याने उचलून त्या मुठीवर ठेवला. तो घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. मग डावा हात वरून आणायला गेला आणि मी फळीवरून खाली सरकले. हरीण त्याच्याकडे बघत होते. मग ते हळूहळू चालत दलदलीकडे गेले.

त्यांनी दोन दिवस शोधले. पहिल्या दिवशी रक्ताचे थेंब मिळाले. रात्री बर्फ पडला आणि दुसऱ्या दिवशी काहीच मिळाले नाही. आर्वो दलदलीच्या काठावर काठी टेकून उभा राहिला होता, आत जाता येत नव्हते म्हणून.

माझ्याबद्दल कॅम्पात चर्चा झाली. कोणी म्हणाले, असल्या बंदुका दोन्ही हातांनी घट्ट धराव्या लागतात, सैल धरली की अडकतात. सगळ्यांनी मान डोलावली. ते कोणालाच खोटे वाटले नाही. आर्वोलाही नाही. त्याची चूक नव्हती, हे सांगणारा गंज दोन स्क्रूंच्या आड होता, आणि कोणाकडेही स्क्रूड्रायव्हर नव्हता असे नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवायला बसले. त्या कॅम्पात एक रीत आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचा मागचा पदर कात्रीने कापायचा आणि नाव घालून तुळईला ठोकायचा. चिंध्यांनी तुळई भरली आहे. कापताना इतका हलकल्लोळ होतो की हरणे पुढच्या जिल्ह्यात जात असतील. कात्री नेहमी नीलो चालवतो.

त्या संध्याकाळी कोणी कात्रीचे नाव काढले नाही. पास्टी वाढली गेली. कोणीतरी हवेबद्दल बोलले.

आर्वो उठून उभा राहिला. डाव्या हाताने त्याने सदऱ्याचा पदर विजारीतून ओढून बाहेर काढला आणि नीलोकडे पाठ केली.

“काप,” तो म्हणाला.

“जेव रे तू,” नीलो म्हणाला. “गार होतंय.”

“मी चुकलो. काप.”

“तुझी काय चूक त्यात, आर्वो? हात तसा असल्यावर.” नीलोचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. “बस.”

बाकीचे ताटात बघत राहिले. आर्वो थोडा वेळ तसाच पाठमोरा उभा होता. मग त्याने पदर आत खोचायला घेतला. एका हाताने ते लवकर होत नाही. एक बाजू आत गेली की दुसरी बाहेर येत होती. कोणी मदत केली नाही आणि कोणी हसलेही नाही. शेवटी पदर तसाच अर्धा लोंबत ठेवून तो खाली बसला आणि जेवला.

पुढच्या नोव्हेंबरला नीलो त्याला न्यायला आला होता. गुडघा दुखतोय, असे आर्वोने इल्मीकरवी आतूनच सांगितले. त्यानंतर नीलो आला नाही. मी आता जाड कोटांच्या मागे कपाटात असते. दस्त्यावरचे मेण अजून चमकते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर तिचे रूप बघून भुलू नका. पुढचे लाकूड काढून आत बघा, आणि झाडून बघायची तर एकापाठोपाठ दोन गोळ्या घाला. माझ्यासाठी आता हे कोणी करणार नाही, ती आशा मी सोडून दिली आहे. पण ज्याचा हात गेला आहे असा तुमचा कोणी गडी पाठ करून उभा राहिला आणि काप म्हणाला, तर दया दाखवू नका. कात्री घ्या, मोठ्याने हसा, आणि त्याचा सदरा कापा.