संपर्क तुटलेले

“बाई, शून्याला कसला प्रश्न विचारताय?” विभागप्रमुख माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत म्हणाला.

“शून्य चुकीचं आहे.”

“बेरीज जुळत नाहीये का?”

“बेरीज जुळते. शून्य चुकीचं आहे.”

त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस बरा. उगाच साहेबी करत नाही.

आमच्या कचेरीत शास्त्रीय नियतकालिकांची पानं छपाईसाठी लावली जातात. शोध लावणारे निराळे, पानं लावणारे निराळे. मी गेली सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासते. उंदरांच्या यकृतापासून ताऱ्यांभोवतीच्या धुळीपर्यंत सगळं माझ्या नजरेखालून गेलंय आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. कळावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. स्वल्पविराम जागेवर आहे का, उणे चिन्ह गळलं तर नाही, आकृती तीन म्हटलंय तिथे आकृती तीनच आहे ना, एवढं बघायचं. शंका आली की समासात ‘लेखकास प्रश्न’ असं लिहून क्रमांक घालायचा. लेखक उत्तर पाठवतो, आपण तसं करतो, काम संपलं. नियम एकच. पानावर आहे तेवढंच विचारायचं, पानाबाहेरचं नाही. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते, तोही डोळे वटारून.

त्या दिवशीचा लेख दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होणाऱ्यांवरच्या नव्या औषधाचा होता. बेचाळीस रुग्ण. एकवीस जणांना खरी गोळी, एकवीस जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दुसऱ्या तक्त्यात औषधाच्या गटापुढे लिहिलं होतं : मृत्यू, शून्य. संपर्क तुटलेले, दोन. शेवटी एक पुरवणी तक्ता होता. त्यात नावं नव्हती, नुसते क्रमांक. सतराव्या ओळीत होतं : पुरुष, अठ्ठावन्न, फरशी घासणे एकतीस वर्षे, औषधाचा गट, आठव्या आठवड्यापर्यंत, संपर्क तुटला.

“सतरा नंबर माझा दादा आहे,” मी म्हटलं. “आणि संपर्क बिंपर्क काही तुटलेला नाही. नवव्या आठवड्यात गेला तो. माझ्या डोळ्यांदेखत गेला.”

विभागप्रमुख हळूच म्हणाला, “तुम्हाला खात्री आहे, बाई?”

“संमतिपत्राची प्रत माझ्या कपाटात आहे. क्रमांक त्यावर मोठ्या अक्षरात घातलाय. सही करायला मीच लावली होती.”

हे मात्र खरं. दादा तयार नव्हता. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो बारा. तेव्हापासून माझा बाप तोच. संध्याकाळी कामावरून यायचा तो पांढराफटक. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. कितीतरी वर्षं मला वाटायचं, मोठा भाऊ म्हणजे पांढऱ्या भुवयांचाच असतो. चाळिशी उलटल्यावर खोकला सुरू झाला, काम सुटलं आणि पन्नाशीनंतर जिन्याच्या चार पायऱ्या चढला की बसायचा. डॉक्टरांनी हात टेकले. मग कुणीतरी या प्रयोगाचं सांगितलं, आणि मी, रोज असले लेख वाचणारी शहाणी, त्याच्या मागे लागले. म्हटलं, दादा, औषधं अशीच निघतात. कुणीतरी पहिल्यांदा घेतल्याशिवाय जगाला कळणार कसं?

“ठमे, मला खरी गोळी देणार की खडू?” त्याने विचारलं.

“ते कुणालाच माहीत नसतं.”

“आयुष्यभर खडूच खाल्ला. आता डॉक्टरच्या हातून खाऊ.” आणि हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, “म्हणजे मी छापून येणार म्हण की. बघ हं, माझं शुद्धलेखन तूच तपास.”

माझ्या शब्दाखातर गेला तो. आठ आठवडे गेला. दर वेळी रक्त द्यायचं, नळीत फुंकायचं. फुंकून फुंकून घामाघूम व्हायचा आणि परत येताना वहिनीच्या खांद्याला धरून चालायचा. एकदाही कुरकुर नाही. नवव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दाढीचा साबण लावलेला तसाच गेला.

“पण बाई,” विभागप्रमुखाने विचारलं, “त्यांना कळवलं नव्हतं का तुम्ही?”

कळवलं नव्हतं. त्याहून वाईट केलं होतं.

दादा जाऊन चार दिवस झाले होते. घरात माणसं बसलेली, वहिनी भिंतीला टेकून. दादाचा फोन खणखणला. तो अजून चालू आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी उचलला. पलीकडून एक घाईतला आवाज म्हणाला, “सतरा नंबर बोलतायत का? कालच्या तपासणीला आला नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या दादाला नाव नाही? ज्याने मला लहानाचं मोठं केलं तो सतरा नंबर? मी म्हटलं, “इथे सतरा नंबर कोणी राहत नाही. राँग नंबर,” आणि ठेवला. मग फोन बंद करून कपाटात टाकला. वहिनी म्हणाली, “बरं केलंत, वन्सं.” तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आणि माझ्या एका शब्दाने दादा मेलेल्यांतून बाहेर पडला आणि हरवलेल्यांत जाऊन बसला. हे सगळं मी विभागप्रमुखाला सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे पानाबाहेरचं आहे, बाई.”

“आहे.”

“आपण स्वल्पविरामवाले. आपलं कोण ऐकतंय?”

“मला पाठवू तर दे.”

“पाठवा,” तो म्हणाला. “मला विचारलं तर मी म्हणेन, मी बघितलंच नाही.”

मग मी लिहिलं. लेखकास प्रश्न नऊ : तक्ता दोन, औषधाचा गट, मृत्यू शून्य. रुग्ण सतरा नवव्या आठवड्यात मृत. दाखला उपलब्ध. कृपया तपासून दुरुस्त करावे. चार वेळा वाचलं. इतकं कोरडं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. माझं नाव घातलं नाही, नातं घातलं नाही. म्हटलं, चिडून लिहिलं तर कचऱ्यात जाईल.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण नको तिथे तोंड उघडायची माझी खोड कुठे जाते! त्याच संध्याकाळी वहिनीकडे गेले आणि बोलून बसले, की दादाचा तो प्रयोग आता छापून येतोय.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली. “ह्यांचं येईल त्यात?”

“नाव नसतं. पण येईल.”

“नाव नसलं तर नसू दे, वन्सं. एवढ्या सुया टोचून घेतल्या. कुणाच्या उपयोगी पडलं असं कळलं म्हणजे मला बरं वाटेल. छापून आलं की दाखवा. मला वाचता नाही आलं तरी तुम्ही वाचून दाखवाल.” लेखाची भाषा वहिनीला येत नाही. मी हो म्हटलं. आणि काय म्हणणार?

तीन दिवसांनी उत्तरं आली. एकूण अकरा प्रश्न होते. स्वल्पविराम, मान्य. आकृतीचा क्रमांक, मान्य, धन्यवाद. संदर्भ चौदामधलं साल, मान्य. नवव्यापुढे होतं : नोंदवहीप्रमाणे बरोबर आहे, बदल नको.

मी उठले आणि जिन्यात जाऊन त्या प्रयोगाच्या कार्यालयाला फोन लावला. क्रमांक संमतिपत्राच्या तळाशी होताच. एका नर्सने उचलला. आवाज तोच होता. या वेळी घाईत नव्हता.

“सतरा नंबरबद्दल बोलायचंय,” मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते शब्द ऐकून मला कसंसंच झालं.

तिने कागद चाळले. “नोव्हेंबरात फोन केलाय. उत्तर, चुकीचा नंबर. दोन आठवड्यांनी पुन्हा केलाय, फोन बंद. संपर्क तुटला, अशी नोंद आहे.”

“तो वारला होता. चुकीचा नंबर मीच म्हटलं होतं. बहीण आहे मी.”

ती म्हणाली, “अहो ताई, का म्हणालात तसं?”

“तुम्ही नंबर विचारलात. नाव नाही विचारलंत.”

“आम्हाला नावं दिसतच नाहीत हो. नंबरच दिसतात.” तिचा आवाज पडला होता. “मी तर फक्त फोन लावते. वही बंद होऊन वर्ष झालं. मोजून झालं, तपासून झालं. आता त्यात घालायचं तर मोठ्या डॉक्टरांनी म्हणायला हवं.”

“मग सांगा ना त्यांना.”

“सांगते,” ती म्हणाली. सांगितलंही असेल. मला ती खोटी वाटली नाही. पण पुढे काहीच आलं नाही.

शुक्रवारी फाइल बंद करायची होती. शेवटच्या पानावर एक चौकोन असतो, ‘तपासले, बरोबर आहे’. त्यावर टिचकी मारली की तपासणाऱ्याची आद्याक्षरं उमटतात आणि लेख पुढे जातो. मी सकाळपासून त्या चौकोनासमोर बसले होते. दुपारी विभागप्रमुख आला.

“बाई, तुम्ही चहा घेऊन या. एवढं मी करतो.”

“नको.”

“मग थांबवायचं म्हणता? थांबवलं तर ते दुसरीकडून करून घेतील. लेख अडणार नाही, आपलं काम मात्र जाईल. छापून आल्यावर संपादकांना पत्र लिहा. दाखला जोडा. मी मजकूर बघून देतो.”

तो म्हणत होता ते सगळं बरोबर होतं. मला त्याचाच राग आला. कुणी दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं. लेखकाने नोंदवही पाहिली, नर्सने फोन लावला, याने नियम पाळला. ज्याचं त्याचं काम चोख होतं. तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. सतराव्या ओळीत ‘फरशी घासणे’नंतर स्वल्पविराम गळला होता, तो घातला. दादाच्या ओळीवर दुसऱ्या कुणाचा हात फिरायला नको होता, म्हणून टिचकी मीच मारली. माझी आद्याक्षरं उमटली. तपासले, बरोबर आहे.

लेख दोन महिन्यांनी आला. मी पत्र पाठवलं, दाखला जोडला, फोनवर काय झालं तेही आडपडदा न ठेवता लिहिलं. म्हटलं, चूक माझी आहे, पण मेलेला माणूस खरा आहे. औषध घेणाऱ्यांत कोणी मेलं नाही असं वाचून उद्या दुसरा कुणीतरी ते घेईल. सात आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

वहिनीला किती दिवस टाळणार? ती काही विचारायची नाही, पण मी गेले की माझ्या पिशवीकडे बघायची. शेवटी एका रविवारी पानं घेऊन गेले. तिने टेबल पुसलं, पानं त्यावर ठेवली आणि हात पुसून समोर बसली.

“वाचा.”

वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. दादाची ओळ तेवढी वाचायची, उपयोग झाला म्हणायचं आणि पानं मिटायची. पण तिचा चेहरा बघितला आणि ते जमेना. म्हटलं, “वहिनी, ह्यात लिहिलंय की औषध घेणाऱ्यांत कोणी गेलं नाही.”

“ह्यांना औषध होतं की खडू?”

“औषध होतं.”

तिने माझ्याकडे बघितलं. “मग हे गेले नाहीत?”

“कागदावर नाही गेला.” मग फोनचं सांगितलं. राँग नंबर म्हटल्याचं, पत्राचं, उत्तराचं, सगळं. शेवटी म्हटलं, “माझ्यामुळे झालं, वहिनी. मीच पाठवलं त्याला आणि मीच पुसून टाकलं.”

वहिनी रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मी उचलला असता तर मीही तेच म्हटलं असतं.” मग पानं स्वतःकडे ओढली. “गेले नाहीत, तर आहेत कुठे? मला दाखवा.”

मी दुसरा तक्ता काढला आणि शेवटच्या ओळीतल्या आकड्यावर तिचं बोट नेऊन ठेवलं. “इथे. संपर्क तुटलेले.”

आकडे तिला वाचता येतात. “हे दोन आहेत, वन्सं.”

“हो. त्यातला एक आपला.”

वहिनी त्या आकड्यावरून बोट उचलेना.

“आणि दुसरा कुणाचा?” तिने विचारलं.