बारावा चौकोन

ज्या दिवशी माझा बारावा चौकोन हिरवा झाला, त्या दिवसापासून मला मुलांच्या खोकल्याची भीती वाटायला लागली. तोवर पाळणाघरात चौदा वर्षं काढली होती. शी, उलट्या, ताप, एकमेकांना घेतलेले चावे, सगळं या हातांनी निस्तरलंय. खोकल्याला मी कधी भ्यायले नव्हते.

झालं असं, की मोठ्या बाईंनी ऑफिसबाहेरच्या भिंतीवर तक्ता लावला. पाळणाघर त्याच चालवतात. डावीकडे आम्हा सात मावश्यांची नावं, प्रत्येकीपुढे बारा चौकोन. एक प्रशिक्षण झालं की एक चौकोन हिरवा. बाराही भरले की ती मावशी खोलीप्रमुख व्हायला पात्र. शिवाय हातात एकेक फॉर्म दिला, वर छापलेलं, ‘माझ्या प्रगतीचा आराखडा’. पहिलाच प्रश्न, पाच वर्षांनंतर तुम्ही कुठे असाल? लांबडी म्हणाली, लिहा, इथेच, ढुंगणं पुसत. लांबडी म्हणजे शेजारच्या, मोठ्या मुलांच्या खोलीतली मावशी. दाराच्या चौकटीला डोकं लागतं तिचं. आम्ही सगळ्या हसलो. पण घरी माझ्या लेकीने तो फॉर्म ओढून घेतला आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘तान्ह्यांच्या खोलीची प्रमुख’. मला आजवर कोणी प्रमुख म्हटलं नव्हतं. आमच्या घरात प्रमुख टीव्ही आहे.

अकरा चौकोन मी इमानदारीत भरले. बारावा होता ‘घशात अडकल्यास : प्रात्यक्षिक’. बाहेरून एक शिकवणारी यायची होती, रबरी बाहुला घेऊन. नेमक्या त्या दिवशी दोघी जणी अर्ध्या दिवसाने येणार होत्या. मोठ्या बाई हजेरीचा कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, बाकीच्या आळीपाळीने जाऊन येतील, तू इथून हलू नकोस, तान्ह्यांना सोडायचं कोणावर? आणि चौदा वर्षांनी तुला काय शिकवायचं? कर सही. माझ्या खांद्यावर एक पोर झोपलेलं होतं. बाईंनी कागद पाळण्याच्या कठड्यावर धरला. मी सही केली.

आमच्याकडे मुलं झोपली की दर दहा मिनिटांनी प्रत्येकाच्या पाठीवर तळहात ठेवायचा. श्वास हाताला लागला की मग वहीत खूण. हात आधी, खूण नंतर. हे मी एकदाही उलटं केलेलं नाही. दुसरीने केलं तर तिला फाडून खाल्लंय. आणि तीच मी, न शिकता शिकले म्हणून सही ठोकून मोकळी झाले होते.

संध्याकाळी चौकोन हिरवा. पुढच्या सोमवारी मी प्रमुख. लेकीने सगळ्या जिन्याला सांगितलं.

आणि मग ते सुरू झालं. कुणी नुसतं ठसकलं तरी मी हातातलं टाकून धावायचे. फळांच्या फोडी मी इतक्या बारीक करायला लागले, की स्वयंपाकघरातल्या काकूंनी विचारलं, मुलांना दात येतायत की पडतायत? विचारायचं तरी कोणाला? तक्त्यावर सातही ओळींत तो चौकोन हिरवागार. म्हणजे सगळ्यांना येतं आणि मीच एकटी ठोंबी, ती पण प्रमुख. लेकीच्या मोबाईलवर बघून बघून उशीवर करून पाहिलं. नवरा म्हणाला, उशीने काय घोडं मारलंय तुझं? पण उशी गुदमरत नाही. उशीवर सगळ्यांना सगळं येतं.

तेवढ्यात माझ्या हाताखाली नवी आली. विशीतली पोरगी, विचारून विचारून जीव खाणारी. बाई म्हणाल्या, हिला बारावा तूच शिकव, तुझा झालाय. प्रशिक्षणाचा तास हिच्या नावावर टाक आणि खाली तुझी सही कर. मी उद्या म्हटलं, परवा म्हटलं. नवी रोज सकाळी चप्पल काढता काढता विचारायची, मावशी, आज?

बुधवारी फळाच्या वेळी ते झालं.

गोट्या अकरा महिन्यांचा. गोल डोकं म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. नवीने सफरचंद कापलं होतं, तिच्या मते बारीक. गोट्या एकदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला आणि मग गप्प झाला. इतके दिवस मी चुकीच्या गोष्टीला भीत होते. खोकणारं मूल श्वास घेत असतं. भ्यायचं असतं ते आवाज बंद झाल्यावर. त्याचं तोंड उघडं होतं, डोळे माझ्यावर होते, आणि काहीच ऐकू येत नव्हतं. नवीही माझ्याकडेच बघत होती. तिने बघायलाच हवं होतं, मी शिकलेली होते ना.

उशीवरचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मी त्याला मांडीवर ओढलं आणि त्याच्या घशात बोट घातलं. हेच करायचं नसतं. न बघता बोट घातलं की अडकलेलं आणखी खाली जातं, एवढं मोबाईलवरसुद्धा सांगतात. फोड माझ्या नखाला लागली आणि आत सरकली. त्याचे ओठ निळसर व्हायला लागले. तो माझ्या हातून सुटला, मांडीवरून पुढे घसरला, माझ्या दंडावर पालथा आदळला आणि त्या हिसक्याने फोड बाहेर पडली. मग रडला. मीही.

मोठ्या बाई धावत आल्या, सगळं ऐकलं आणि माझी पाठ थोपटली. याला म्हणतात प्रशिक्षण. सोमवारी सगळ्यांना तूच करून दाखव. अपघाताची वही पुढे ठेवली आणि काय लिहायचं तेही सांगितलं, ‘प्रशिक्षित कर्मचाऱ्याने तत्काळ योग्य उपाय केला.’ त्याखाली मुलाच्या आईची सही घ्यावी लागते. आई पाच वाजता येणार होती.

वही काखेत मारून मी मोरीत गेले. लांबडी बाटल्या घासत होती. सोमवारच्या धास्तीने मी तिला विचारलं, बाहुला फार जड असतो का गं?

"कुठला बाहुला?"

"बाराव्याचा. तू गेली होतीस ना?"

तिच्या हातातला ब्रश थांबला. बाईंनी तिला सांगितलं होतं की तान्ह्यांची मावशी गेलीय, तू मुलं सांभाळ, सही कर. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या खोलीत असं काही झालंच तर तुझ्याकडे पळत येईन."

मग आम्ही एकेकीला विचारत सुटलो. प्रत्येकीला दुसरी गेल्याचं सांगितलेलं. शेवटी काकू म्हणाल्या, शिकवणारी आलीच नव्हती त्या दिवशी, तिच्यासाठी टाकलेला चहा मीच प्यायले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या सातही मुठी झाकलेल्या, आणि सातही रिकाम्या. बेचाळीस मुलं रोज त्या मुठींच्या भरवशावर फळं खात होती.

वहीत मी लिहिलं, ‘फोड अडकली. मी बोट घातलं. घालायचं नसतं. मला शिकवलेलं नाही. मूल माझ्या हातून घसरलं म्हणून वाचलं.’ खाली सही.

बाईंनी वाचलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, पान फाड. पाळणाघराला टाळं लागलं तर या सहा जणींच्या चुली तू पेटवणार आहेस का? या वयात तुला दुसरं कोण ठेवणार? खरं होतं ते. मी प्रमुखच काय, उद्यापासून मावशीही असणार नव्हते, आणि घरी लेकीला तोंड कसं दाखवायचं ते कळत नव्हतं. पाचला दहा मिनिटं होती. मी पान फाडलं नाही. धैर्य वगैरे काही नाही. ते निळसर ओठ डोळ्यांपुढून हलत नव्हते, एवढंच.

गोट्याची आई आली. एका हाताने त्याला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात सहीसाठी पेन. रोजच्यासारखी न वाचताच सही करायला वाकली.

"वाचा आधी," मी म्हणाले.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. पेन तसंच हातात. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग उद्या मी याला ठेवू कुठे?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण इथे नका ठेवू. आम्हाला शिकवेपर्यंत नका."

बाईंनी डोळे मिटून घेतले. लांबडी चौकटीत वाकून उभी होती, तिच्यामागे नवी. आई सही न करताच निघाली. त्या लांबच लांब पॅसेजमधून दारापर्यंत जाताना गोट्या तिच्या खांद्यावर दोनदा खोकला.

दुसऱ्या खोकल्यानंतर तो गप्प झाला, आणि त्याने पुढचा श्वास घेतलेला दिसेपर्यंत मी श्वास घेतला नाही.