मीटरबाईंचे तीन प्रश्न

धुलाई कारखान्यातल्या बायका तिला मीटरबाई म्हणत. वीज कशी वाचवावी याचा सल्ला देत फिरणं ही तिची नोकरी. या कारखान्यात ती वर्षभरात तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या खेपेला तिने पडद्यावर आलेख दाखवले, दुसऱ्या खेपेला भिंतीवर रंगीत सूचना चिकटवल्या. बायकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या आणि विजेचा वापर होता तिथेच राहिला.

"सवयच वाईट हो यांची," मालक म्हणाले. "सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला."

या खेपेला काही सांगायचंच नाही, असं ती ठरवून आली होती. माणसांच्या सवयी कशा बदलतात यावर तिच्या ऑफिसने मागच्याच महिन्यात प्रशिक्षण ठेवलं होतं. त्यातलं बरंचसं डोक्यावरून गेलं, पण एक गोष्ट आत रुतून बसली. माणूस एखादी साधी गोष्ट करत नसेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: त्याला ती जमते का, तशी सोय आहे का, आणि ती करावीशी त्याला वाटते का.

कपडे सुकवणाऱ्या यंत्रांसमोर ती स्टूल ओढून बसली. दवाखान्याच्या चादरी आत जात, बटण साठ मिनिटांवर फिरे. चाळीस मिनिटांतच चादरी कडकडीत वाळलेल्या असत. पुढची वीस मिनिटं यंत्र उगाच गरम वारा फेकत बसे.

"साठच का, मावशी?" तिने तिथल्या सगळ्यात जुन्या बाईंना विचारलं. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा.

"पहिल्यापासून साठच लावतो."

ती स्टुलावरून हलली नाही. वहीसुद्धा उघडली नाही. मावशींनी दोन चादरींच्या घड्या घातल्या आणि मग आवाज खाली आणला.

"चार वर्षांमागे दवाखान्यातून एक गठ्ठा परत आला. ओलसर राहिलेला. मशिनवर जी होती, तिला सगळ्यांसमोर मालकांची बोलणी बसली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. कामाला वाघ होती हो. तेव्हापासून साठाच्या खाली यायची कुणाची छाती होत नाही."

"मधेच दार उघडून बघता येत नाही?"

"उघडलं की आकडा शून्यावर. परत पहिल्यापासून लावा. तुमच्या त्या भिंतीवरच्या कागदात हे कुठे लिहिलंय?"

मीटरबाईंचे कान गरम झाले. वर्षभर ती या बायकांना वीज वाचवायचं महत्त्व पटवत होती. महत्त्व त्यांना केव्हाच पटलेलं होतं. आड येत होती ती भीती आणि ते एक बटण.

ती मालकांकडे गेली आणि तिने त्या जुन्या गठ्ठ्याची गोष्ट काढली. "म्हणजे चूक माझी?" ते फणकारले.

"चूक कुणाची ते राहू द्या. महिनाभर ओलं कापड परत आलं तरी कुणाला बोलायचं नाही, एवढं कबूल करा."

मालकांनी मान खाजवली, खिडकीबाहेर बघितलं आणि "बरं" म्हणाले. मेकॅनिकने अर्ध्या तासात यंत्रांची जोडणी बदलली. आता दार उघडलं की आकडा थांबे आणि लावलं की तिथूनच पुढे चाले. मग मावशींनी सगळ्यांना गोळा केलं. चादर मधे आधी वाळते, काठाची जाड शिवण सगळ्यात शेवटी. ती बोटांत दाबायची. गार लागली नाही, तर काढायची बाहेर.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्या जणी बेचाळीस मिनिटांवर आल्या. आणि नेमका तेव्हाच एक गठ्ठा ओला परत आला. सगळ्यांचे हात थांबले. मालकांनी गठ्ठा उचलला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि स्वतःच चादरी यंत्रात टाकून दार लावलं. मावशींनी रोखून धरलेला श्वास एवढ्या जोरात सोडला की सगळ्या हसायला लागल्या. त्यानंतर साठ कुणी लावलं नाही.

मावशींनी ही हकिकत फोनवर सांगितली, त्या संध्याकाळी मीटरबाई घरी आली तेव्हा नेहमीसारखे सगळे दिवे चालू होते. बैठकीतला, स्वयंपाकघरातला, मोरीकडच्या बोळातला. घरात ती आणि बाबा दोघंच. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि वर्षापूर्वी दुकान बंद केलं. तेव्हापासून हे दिव्यांचं सुरू झालं होतं. "घर आहे की नाटकाचं स्टेज?" म्हणत ती रोज बटणं बंद करत फिरायची आणि ते रोज रुसायचे.

आज तेच वाक्य ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"बाबा, दिवे मालवले तर काय होतं?"

"काय होणार? अंधार होतो."

ती हसली, पण उठली नाही. बाबा हातातला कप फिरवत राहिले.

"पायरी दिसत नाही गं," ते म्हणाले. "मोरीपाशी ती एक पायरी आहे ना. दोनदा पडलो. तुला बोललो नाही."

"आणि दुकान?"

"लोक आता घड्याळं घालत नाहीत, असं तुला सांगितलं. खरं म्हणजे स्क्रूच दिसेनासे झाले होते."

"मग डॉक्टरांना दाखवलं का नाहीत?"

"माझ्या दादाने स्वतःचे डोळे दाखवले होते. काचबिंदू म्हणाले. दोन वर्षांत त्याचे दोन्ही डोळे गेले. मला ते नाव ऐकायचंच नव्हतं."

वर्षभर ती याच माणसाच्या मागोमाग जाऊन अंधार करत होती.

तिने वाद घातला नाही. पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली, शेजारी एक छोटा दिवा लावला आणि मग विचारलं, "दवाखान्यात कधी जायचं? दिवस तुम्ही सांगा."

बाबांनी पट्टीवर पाय टेकवून बघितला. "गुरुवारी. सकाळी. आणि तू माझ्याबरोबर आत यायचंस."

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे निवांत तपासले. बाबांनी लेकीचं मनगट असं आवळून धरलं होतं की बांगडी रुतत होती.

"काचबिंदूच ना?" त्यांनीच विचारून टाकलं.

"छे हो. डोळ्यातला दाब अगदी व्यवस्थित आहे. मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. लवकर यायला हवं होतंत, पण बिघडलं काही नाही. ऑपरेशन करून टाकू."

"नक्की? परत एकदा बघा."

त्यांनी परत बघितलं. "नक्की."

बाहेर बाकावर बसल्यावर बाबांचे खांदे हलायला लागले. ती घाबरली. बघते तर ते हसत होते.

"अगं, वर्षभर काचेच्या धाकाने लपून बसलो, आणि निघाला मोती!"

मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. शेजारच्या बाईंनी काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आलेले बाबा टेकायलाही तयार नव्हते. हात मागे बांधून खोल्याखोल्यांतून फिरले.

"भिंती पांढऱ्या आहेत होय? मी पिवळ्या समजून चाललो होतो." मग मान वर करून कोपऱ्यात बघत राहिले. "आणि हे जाळं? किती दिवसांचं गं हे? झाडू म्हणून काही असतं घरात?"

"आणते, बाबा," ती म्हणाली. वर्षभर सावरून, अंग चोरून वावरलेला माणूस आज ठणकावून ओरडत होता. तिने झाडू आणला, खुर्ची ओढली आणि ते दाखवतील तिथली जाळी एकेक करून काढत राहिली.