तिसरा ‘का’

गुरुवारी सकाळी सव्वासहाला मी मोशीच्या थांब्यावर थांबले आणि ज्योतीराम चढला नाही. ड्रायव्हर अकबरभाईंनी दोनदा हॉर्न दिला. कंपनीचा नियम दोन हॉर्नचाच आहे. दार लागलं आणि मी चाकणच्या दिशेने निघाले.

मित्रांनो, मी कामगारांची ने-आण करणारी कंपनीची जुनी बस. माझा सांगाडा याच कारखान्यांच्या पट्ट्यात तयार झाला, अंगावरचा पत्रा भोसरीतल्या एका शेडमध्ये चढला. नवी होते तेव्हा लोक माझ्या काचेत बघून भांग पाडायचे. आता मागच्या सीटचा स्पंज बाहेर आला आहे. तरी माझी अगदीच हेळसांड होते असं म्हणणार नाही. दसऱ्याला झेंडूचा हार मिळतो. इंजिनाचा आवाज जरा बदलला की अकबरभाई गाडी बाजूला घेतात आणि पुढच्या सीटवरचे सगळे तज्ज्ञ खाली उतरून वाकून बघतात. “बेल्ट गेला असणार.” “नाय राव, बेअरिंग आहे.”

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. माझा बदललेला आवाज यांना लगेच कळतो. ज्योतीरामचा कळला नाही.

ज्योतीराम बार्शीकडचा, असेंब्ली लाइनवर कंत्राटी कामगार. डावीकडची तिसरी, खिडकीजवळची सीट त्याची. कंपनीच्या बसमध्ये सीटवर नाव नसतं, पण मालक ठरलेला असतो. त्याला उशीर झाला तर शेजारचा रुमाल टाकून जागा धरतो. आपली सीट माणूस एकदाच सोडतो, दुसऱ्या कंपनीत लागला की. मग तो मागच्या एखाद्याला बोलावतो, आपल्या जागेवर बसवतो आणि सगळी बस पार्टी मागते. अशी आमची रीत.

गेल्या दिवाळीपर्यंत ज्योतीराम मागच्या सीटवरच्या शेखरच्या विनोदांवर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मग त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे झोप आधीच विसकटली होती, ती पार उडाली. तोंडाला दारूचा वास येऊ लागला. कंत्राट संपवून घरी बसवणार, अशी कुजबुज सुरू झाली. गावाहून वडिलांचा फोन आला की तो “व्हय, बरं हाय” एवढंच बोलायचा आणि नंतर काचेला डोकं टेकून उघड्या डोळ्यांनी बसून राहायचा.

यातलं खरं कारण कोणतं, असं मला विचारू नका. माणूस जिवावर उदार होतो तेव्हा लोकांना एकच कारण हवं असतं, म्हणजे ते सांगून चहा प्यायला मोकळे. मला त्याचा वैताग येतो. एका ओझ्यावर दुसरं ओझं येऊन बसतं, त्यात मन आजारी पडतं, आणि आजारी मनाला बाहेर पडायची वाट दिसत नाही. वाट असते. ती दिसत नाही. या आजारावर औषध आहे, डॉक्टर आहेत, पण आमच्या बसमध्ये त्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती.

सल्ले मात्र भरपूर होते. “टेन्शन घेऊ नको भावा.” “पोरी काय, छप्पन मिळतील.” “सकाळी पळायला जात जा.” एकदा तो म्हणाला, “आता समद्याचाच कटाळा आलाय.” शेखर म्हणाला, “मग सोमवारची सुट्टी टाक!” सगळे हसले.

आमच्या कंपनीत एक पार्ट रिजेक्ट झाला तर त्याच्याभोवती माणसं जमतात. हा का बिघडला? आणि ते का झालं? असं पाच वेळा विचारल्याशिवाय कागद बंद होत नाही. या पद्धतीला ते ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. लोखंडाच्या तुकड्याला पाच ‘का’. ज्योतीरामच्या वाट्याला एकही नाही.

बुधवारी त्याने शेखरला हाक मारली आणि आपल्या सीटवर बसवलं. शिवाय स्वतःचा, जेवण गरम राहणारा डबाही त्याला देऊन टाकला.

“आयला! कुठं लागलं रे? रांजणगाव का?” शेखर ओरडला.

“बघू,” ज्योतीराम म्हणाला.

“बघू काय? पार्टी दे!”

“देतो की.” तो हसला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा हलका दिसला आणि सगळ्यांना वाटलं, चला, गडी सुटला एकदाचा. फार दिवस कोमेजलेला माणूस अचानक शांत होऊन आपल्या वस्तू वाटायला लागला, तर ती बरं होण्याची खूण असेलच असं नाही. ती धोक्याची असू शकते. पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

वर्षाली त्या दिवशी रजेवर होती. ती तपासणी विभागात काम करते. गुरुवारी ती बसमध्ये होती, आणि इंद्रायणीच्या पुलावर तिने शेखरला ज्योतीरामच्या खिडकीत बसलेलं पाहिलं.

“तू इथं कसा?”

“जॉब लागला त्याला. सीट दिली, डबा दिला. दिलदार माणूस!”

“कुठल्या कंपनीत लागला?”

शेखरने मागे पाहिलं. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. वर्षालीने फोन लावला. वाजत राहिला.

“अकबरभाई, गाडी फिरवा.”

“वर्षाली, सगळ्यांचा हाफ डे जाईल,” अकबरभाई म्हणाले.

“उगाच सिरियल करू नको गं,” शेखर म्हणाला. “झोपला असेल तो.”

वर्षाली उभी राहिली. “माझ्या भावानं त्याची मोटारसायकल मित्राला देऊन टाकली होती. आम्हाला वाटलं, नवी घेतोय. कुठला रंग घेणार, असं विचारत होते मी त्याला. लोकांना आम्ही अजून ॲक्सिडेंट झाला असंच सांगतो.”

चिंबळी फाट्यावर अकबरभाईंनी मला वळवलं.

मोशीच्या थांब्याजवळच्या, ज्योतीरामच्या खोलीच्या गल्लीत मी मावत नाही, म्हणून तोंडाशी उभी राहिले. वर्षाली आणि शेखर आत गेले. बराच वेळ झाला. मग तिघं येताना दिसले. ज्योतीराम माझ्या पायरीवर बसला. वर्षाली त्याच्यासमोर रस्त्यावरच उकिडवी बसली.

“ज्योती, जीव द्यायचा विचार येतोय का?”

“अगं, असं तोंडावर विचारतात का?” शेखर दबक्या आवाजात म्हणाला. “नसलं तरी डोक्यात जायचं त्याच्या.”

मित्रांनो, हा गैरसमज अजून किती वर्षं वाहून नेणार? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. आत कोंडलेला असला तर बाहेर पडायला दार मिळतं.

“व्हय,” ज्योतीराम म्हणाला. “लई दिवस झालं.” आणि पहिल्यांदा रडला.

वर्षालीने उपदेश केला नाही. तिने १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या आजारात मदत करणारा सरकारी नंबर लावला. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. बोलून झाल्यावर ती आणि शेखर त्याला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. त्याला एकटं सोडायचं नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं. रिक्षात बसताना शेखरने डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

“हा तुझा धर. सीट पण तुझीच. आणि पार्टी नको आपल्याला, काय?”

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर अधिकारी कागद घेऊन माझ्यापाशी आले. बस उशिरा आली, त्याचं व्हाय-व्हाय करायचं होतं.

“बस उशिरा का आली?”

“मी फिरवली,” अकबरभाई म्हणाले.

“का फिरवली?”

“एक पोरगा आला नव्हता.”

साहेबांनी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“तो का आला नाही, ते विचारा ना साहेब.”

“ते पर्सनल मॅटर आहे. दोन ‘का’ बास.”

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. इंजिनाला जेवढे कान देता, तेवढे शेजारच्या माणसालाही द्या. तो गप्प झाला, झोपेनासा झाला, वस्तू वाटू लागला, तर सल्ला खिशात ठेवा आणि सरळ विचारा. उत्तर ऐकून घ्या, त्याच्याजवळ थांबा, त्याला डॉक्टरपर्यंत न्या. आणि तुमच्याच मनात तसं काही येत असेल तर हसून “बघू” म्हणू नका. कुणाला तरी सांगा.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. ज्योतीरामची मोठी बहीण गावाहून येऊन त्याच्याजवळ राहिली आहे. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात. त्याच्या कंत्राटाचं काय, ते कंपनीने कळवलेलं नाही. काल रात्री त्याने शेखरला फोन केला होता. “उद्या यीन म्हणतो,” म्हणाला. नक्की येणार का, ते बोलला नाही.

आता मी मोशीच्या थांब्यावर उभी आहे. खिडकीजवळच्या सीटवर शेखरचा रुमाल आहे. अकबरभाईंनी दोन हॉर्न दिले. थोडं थांबून तिसरा दिला. गल्लीतून अजून कुणी आलेलं नाही. दार उघडं आहे.