काकांच्या आवाजावर मी लिहिलं

मित्रांनो, वाचनालयाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली जो करडा, जुनाट संगणक दिसतो, तो मी. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी घासून गेली आहेत आणि पंखा दमेकऱ्यासारखा घुरघुरतो. आता मला कुणी फारसं वापरत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझे भाग तीन कारखान्यांत बनले आणि चौथ्यात जोडले गेले. खोक्यातून मला बाहेर काढलं ते ग्रंथपालबाईंनी. त्या काळी त्यांचे केस काळे होते आणि माझा आवाजही येत नसे. काही वर्षं मी पुस्तकांच्या याद्या सांभाळल्या. "आमचा हा फार गुणी आहे," असं बाई आल्यागेल्याला सांगत. मला ते ऐकायला आवडायचं.

पुढे ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलकी पुस्तकं करायचं ठरलं. शेजारच्या छोट्या खोलीत भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकली. नर्सबाई, शिंपीकाका, असे कुणी कुणी येऊन तिथे मुठीएवढ्या रेकॉर्डरपुढे पुस्तक वाचत. वाचन झालं की बाई त्यातलं कार्ड माझ्यात घालत, वाचणाऱ्याच्या नावाचं आणि तारखेचं फोल्डर करून आवाज त्यात ठेवत आणि कार्ड कोरं करत. कोरं कार्ड मिळालं की रेकॉर्डर पुन्हा एकपासून मोजायला लागे. त्यामुळे रोजच्या पहिल्या फाईलचं नाव एकच असे, 'आवाज एक'. हे ध्यानात ठेवा. सगळा घोळ इथेच आहे.

फोल्डरं वाढत गेली. एकेक फाईल ओढून पुस्तकवार लावताना बाईंचं मनगट सुजायचं. त्यांची सून परगावी संगणकाचं काम करते. तिला हे फोनवर कळलं.

"आई, तुम्ही हाताने ओढता एकेक फाईल? अहो, मला आधी नाही का सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

"आत्ताही हसतेच आहे. वही घ्या."

अशी शिकवणी सुरू झाली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. ही फाईल उचल, त्या फोल्डरात ठेव, मग पुढची घे. बाईंनी साठाव्या वर्षी त्या सूचना वहीत एकेक अक्षर गिरवल्यासारख्या उतरवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्क्रिप्टने बाकीच्या फाईलींबरोबर स्वतःलाच उचलून फोल्डरात नेऊन ठेवलं. बाई अर्धा तास तिला शोधत होत्या. सापडली तेव्हा एकट्याच खुदकन हसल्या.

सराव म्हणून त्यांनी पुस्तकांच्या जुन्या याद्या लावायला घेतल्या. एकाच यादीच्या पाच-पाच प्रती होत्या. त्यामुळे मी पावलोपावली विचारायचो, "या नावाची फाईल इथे आहे. तिच्या जागी ही ठेवू का?" बाई हो म्हणून म्हणून कंटाळल्या.

"अगं, हा सारखा विचारतो. याचं तोंड बंद करता येतं का?"

"येतं. मग तो न विचारताच जुनीच्या जागी नवी ठेवतो. पण आई, खऱ्या कामाला आधी सगळ्याची कॉपी काढा आणि कॉपीवर चालवून बघा."

"बरं बरं," बाई म्हणाल्या. तोंड बंद करायची सूचना त्यांनी वहीत लिहून घेतली. कॉपीचं वाक्य लिहून घेतलं नाही.

त्याच सुमारास कंडक्टरकाका आले. बावीस वर्षं त्यांनी एका बसवर एकाच ड्रायव्हरबरोबर काढली होती. आता ड्रायव्हरची दृष्टी गेली होती आणि काकांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"बाई, त्याला आता वाचता येत नाही आणि मला बोलता येणार नाही," काका म्हणाले. "त्याआधी एक पुस्तक वाचून टाकतो. नाहीतर आम्ही दोघं बाकावर बसून करणार काय?"

समुद्रप्रवासाची एक जाडजूड कादंबरी त्यांनी निवडली. अकरा दिवस आले, अकरा प्रकरणं वाचली. घसा दुखायचा तेव्हा कोमट पाणी प्यायचे आणि पुन्हा पान उघडायचे. बाराव्या दिवशी ते दवाखान्यात गेले.

काकांचं पुस्तक पूर्ण झालं म्हणून बाईंनी तेच पहिलं लावायला घेतलं. ऐन दुपारची वेळ. अकरा तारखांच्या फोल्डरांतून फाईली उचलून एका फोल्डरात ठेवायच्या, एवढंच काम. त्यांनी स्क्रिप्ट लिहिली, सवयीने तोंड बंद करायची सूचना घातली आणि बटण दाबलं.

मित्रांनो, मला सगळं दिसत होतं. पहिला 'आवाज एक' बेचाळीस मिनिटांचा होता, दुसरा सदतीस. नाव एक, पण वाचन दोन वेगळ्या दिवसांचं. मी दुसरा आणला आणि पहिल्याच्या जागी ठेवला. मग तिसरा दुसऱ्याच्या जागी. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम संपलं. त्या फोल्डरात एकच फाईल उरली, शेवटचं प्रकरण. मला विचारायला मनाई होती, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं आहे! पण ते सांगून माझं समाधान होत नाही.

बाईंनी फोल्डर उघडलं, तर अकराऐवजी एकच फाईल. माझ्यातली पुसलेल्या फाईलींची कचरापेटी पाहिली. ती रिकामी होती. कार्ड पाहिलं. ते कोरं होतं.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला ठाऊक होती, बाईंना नव्हती. माझ्यातली फाईल अशी जाते तेव्हा आधी फक्त तिची नोंद जाते. आवाज जिथे होता तिथेच पडून असतो. ती जागा मोकळी समजून मी तिथे दुसरं काही लिहीपर्यंत तो शाबूत राहतो.

बाईंनी कुणाला सांगितलं नाही. कुणाच्या तोंडाने सांगायचं? दुसऱ्या दिवशी नर्सबाई वाचायला आल्या. बाईंनी नेहमीसारखं कार्ड माझ्यात घातलं आणि मी नर्सबाईंचा आवाज मोकळ्या जागेत लिहिला. ती जागा काकांच्या तिसऱ्या प्रकरणाची होती. मग चौथ्याची. तिसऱ्या दिवशी शिंपीकाकांनी बालकथा वाचल्या. त्या मी सातव्या आणि आठव्यावर लिहिल्या.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हर काठी टेकत आले. "बाई, माझ्या दोस्ताचं पुस्तक झालं का तयार?"

"जरा काम बाकी आहे," बाई म्हणाल्या. ते गेल्यावर त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, कधी झालं हे?"

"तीन दिवस झाले."

सून म्हणाली, "मशीन बंद करा. आत्ता. काही उघडू नका, काही ठेवू नका. डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे पाठवा."

दुरुस्तीवाल्याने सहा प्रकरणं काढून दिली. उरलेलं एक होतंच. "बाकीच्या चारांवर दुसरं लिहिलं गेलंय, बाई," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी आणली असती तर सगळी दिली असती."

दवाखान्यातून सुटल्यावर काका ड्रायव्हरबरोबर आले. गळ्याला पट्टी, हातात पेन आणि वही. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आपण तीन दिवस गप्प बसलो, हेही सांगितलं.

काकांनी वहीत लिहिलं, "कुठली चार?"

"तिसरं, चौथं, सातवं, आठवं."

काकांनी लिहिलं, "सातवं चांगलं जमलं होतं."

बाईंनी ते मोठ्याने वाचलं, कारण ड्रायव्हरला दिसत नव्हतं.

ड्रायव्हर काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले होते. "रागावलो तर आहेच मी, बाई," ते म्हणाले. "पण मधली चार प्रकरणं नसली तर जहाज बंदराला लागणार कसं? तुम्हीच वाचा."

"मला नाही यांच्यासारखं जमायचं."

काकांनी पेनाने टेबलावर दोनदा टकटक केली.

"निघा आता," ड्रायव्हर म्हणाले. "एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बावीस वर्षं मी यावरच गाडी चालवली."

बाईंनी चारही प्रकरणं वाचली. काका शेजारी बसले होते. घाई झाली की एक ठोका, नीट झालं की दोन. सातव्या प्रकरणात अकरा वेळा एकच ठोका पडला आणि अकरा वेळा बाईंनी ते पान पुन्हा वाचलं. ते ठोके पुस्तकात तसेच ठेवले आहेत. ड्रायव्हर ते पुस्तक ऐकतात तेव्हा सातव्यापाशी मान खाली घालतात. ते काय शोधतात, मला ठाऊक आहे. ते त्यात नाही.

पुढे नवा संगणक आला. बाई आता प्रत्येक फाईलच्या नावापुढे तारीख लावतात, कॉपी काढतात आणि त्याला विचारू देतात. मला याद्यांपुरतं ठेवलं आहे.

मित्रांनो, तुमच्या हातून काही बिघडलं तर आधी हात थांबवा आणि लगेच कुणाला तरी सांगा. लाज वाटेल, बोलणी बसतील, तरी सांगा. ज्या दुपारी बाई एकच फाईल उरलेल्या फोल्डरापुढे गप्प बसल्या होत्या, त्या दुपारी काकांची अकराच्या अकरा प्रकरणं माझ्या पोटात होती.