उघड्या घड्याळातली निक्सी नळी

मी एक जुनी निक्सी नळी आहे, मित्रांनो. काचेचं पोट, आत वायू आणि एकामागे एक उभे केलेले शून्य ते नऊ असे तारेचे दहा आकडे. ज्या आकड्याला वीज मिळते, तो नारिंगी उजळतो. एका कारखान्याच्या मोजणी-यंत्रात मी उमेदीची वर्षं काढली. मग छोटे, स्वस्त दिवे आले आणि आमची रवानगी थेट भंगारात झाली. कुणी हळहळलंसुद्धा नाही!

पांढरकवड्याच्या हायवेवरल्या भंगार दुकानातून मैत्रेयीनं आम्हा चार बहिणींना उचललं. यवतमाळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी ही पोर. तिनं घरीच घड्याळ बांधलं. कोणता आकडा कधी लावायचा, हे एक इवलीशी मायक्रोकंट्रोलर चिप ठरवते. तिचं पाच व्होल्टांत भागतं. मला मात्र एकशे सत्तर लागतात. तेवढी वीज साठवायला मैत्रेयीनं त्याच भंगारातला भलामोठा कपॅसिटर जोडला, आणि माझा जीव धास्तावला. प्लग काढला तरी वीज त्यात कितीतरी वेळ दबा धरून बसायची.

"पोरी, हे उघडं काहून ठेवलं? झाकण लाव ना त्याले," आई, म्हणजे भागीरथाबाई, रोज म्हणायची. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं.

"लावीन ना, आई! मैत्रिणींयले आतलं दाखवू दे आधी."

मैत्रिणी यायच्या, तोंडभरून कौतुक करायच्या. मीही फुगायचे, खोटं कशाला बोलू? पण भीती काही जात नव्हती.

दसरा आला. शिलाई मशीन, विळा, स्कूटी, सगळ्यांची पूजा झाली. आई ताट घेऊन आमच्यापुढे आली. कुंकू तिनं पाण्यात कालवलं होतं. मैत्रेयीनं प्लग काढला, आमचे आकडे विझले.

"बंद केलं, आई. लाव आता खुशाल."

अगं, थांब! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण काचेतून आवाज जाणार कसा? आईचं ओलं बोट नेमकं कपॅसिटरच्या तारांवर टेकलं. चट्‌कन आवाज झाला. ताट उडालं आणि आई मागे कोसळली.

चार दिवस ती दवाखान्यात होती. वाचली, पण आता अंगणापर्यंत जातानाही तिला धाप लागते. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची, "माहीच चूक झाली. ओला हात लावला न मी." मैत्रेयी मान खाली घालून ऐकायची.

एकदा पाहुणे गेल्यावर तिला राहवलं नाही. "आई, चूक तुही नाही. बंद हाय असं मीच सांगतलं."

"माहीत हाय मले."

"मंग लोकायले असं काहून सांगतं?"

"खरं सांगतलं तर तुह्या हाती कोणी मशीन देईन काय, पोरी?"

मैत्रेयी ढसाढसा रडली. त्याच दुपारी तिनं झाकण बसवलं, साठलेली वीज उतरवणारा रेझिस्टरही जोडला.

मित्रांनो, 'बंद आहे' असं कुणाला सांगण्याआधी मीटर लावून मोजा. तुमच्या भरवशावर कुणीतरी हात पुढे करत असतं.